कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात मानसिक आरोग्य जागृतीचा ठराव कसा आणावा: मंडळांसाठी पायरीपायरीने

अमेरिकेत मे महिना मानसिक आरोग्य जागृतीचा महिना म्हणून १९४९ पासून पाळला जातो. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथल्या विधिमंडळात गौरवपर ठराव मांडले जातात. हे ठराव आपोआप येत नाहीत. कोणती तरी संस्था आमदाराच्या कार्यालयात जाते, मसुदा देते, पाठपुरावा करते, तेव्हा ते येतात. मराठी मंडळ, मराठी शाळा, पालकांचा गट, विद्यार्थ्यांची संघटना, कुणालाही हे करता येते. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. लागते ती वेळेची शिस्त आणि नीट लिहिलेली दोन पाने.

एक गोष्ट कार्यकारिणीला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: या ठरावाने निधी मिळत नाही आणि कायदा बदलत नाही. मग तो कशासाठी? मुलाच्या नैराश्याला वर्षभर 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणणाऱ्या घरात राज्याची मुद्रा असलेला कागद बोलणे सुरू करायला निमित्त देतो. आमदाराच्या कार्यालयाशी तुमची ओळख होते, आणि पुढे खऱ्या बिलाच्या वेळी ती उपयोगी पडते. एवढ्यासाठीही तो नक्की आणावा. पण त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवली की निराशा होते.

१. कोणता कागद हवा ते आधी ठरवा

सगळा गोंधळ इथेच होतो. 'ठराव' म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या जातात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा असतो.

प्रमाणपत्र: एका आमदाराच्या कार्यालयातून, त्याच्या सहीने. सभागृहाचा संबंध नाही. मंडळाच्या कार्यक्रमात द्यायला पुरेसे. तीन-चार आठवडे आधी मागितले तर सहसा मिळते.

रूल्स कमिटीमार्फतचा ठराव: मोठ्या आकाराचा, सुशोभित, फ्रेम करण्याजोगा. आमदाराचे कार्यालय रूल्स कमिटीकडे, म्हणजे सभागृहाच्या कामकाज समितीकडे, मागणी करते. यावर सभागृहात मतदान होत नाही. एखाद्या संस्थेचा किंवा व्यक्तीचा सन्मान करायचा असेल तर हा प्रकार योग्य.

एका सभागृहाचा ठराव: असेंब्लीत 'एचआर', सिनेटमध्ये 'एसआर'. क्रमांक पडतो, सभागृहात मंजूर होतो, दुसऱ्या सभागृहात जात नाही. वेळ कमी असेल तर हाच धरावा.

दोन्ही सभागृहांचा ठराव: असेंब्लीतून सुरू झाला तर 'एसीआर', सिनेटमधून 'एससीआर'. दोन्हीकडे मंजूर झाल्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंद होऊन त्याला 'रिझोल्यूशन चॅप्टर' क्रमांक मिळतो. गव्हर्नरची सही लागत नाही. 'मे महिना हा कॅलिफोर्नियात मानसिक आरोग्य जागृतीचा महिना' असे संपूर्ण विधिमंडळाच्या नावाने म्हणायचे असेल तर हा.

गव्हर्नरची घोषणा आणि काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची, तिथल्या निवडून आलेल्या मंडळाची, घोषणा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या विधिमंडळाकडे मागू नका. काउंटीची मात्र जरूर मागा. कॅलिफोर्नियात सार्वजनिक मानसिक आरोग्यसेवा ५८ काउंट्यांमार्फत चालतात. मदतीचा फोन उचलणारी माणसे तिथे बसतात, सॅक्रामेंटोत नाही.

नवख्या मंडळाने पहिल्या वर्षी एका सभागृहाचा ठराव आणि काउंटीची घोषणा या दोनच गोष्टी हाती घ्याव्यात. दोन्ही सभागृहांचा ठराव दुसऱ्या वर्षी, कार्यालयाशी ओळख झाल्यावर.

२. आपला प्रतिनिधी नीट ओळखा

कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक पत्त्याला एक असेंब्ली सदस्य आणि एक सिनेटर असतो. असेंब्लीत ८० सदस्य, सिनेटमध्ये ४०. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकला की दोन्ही नावे येतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वॉशिंग्टनच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जाणे. तो राज्याचा ठराव मांडूच शकत नाही. मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. ते आधी मिशिगनच्या विधिमंडळात होते आणि २०२३ पासून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये गेले. दोन्ही सभागृहांना 'हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ज' म्हणतात, आणि 'सिनेटर' हा शब्दही दोन्हीकडे चालतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी 'राज्याचा की केंद्राचा' हे तपासाच.

मतदारसंघात राहणारे चार-पाच सभासद सोबत असले पाहिजेत. मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या मतदारसंघात राहत असेल तर पत्रावर त्याच्याबरोबर स्थानिक सभासदाचीही सही घ्या. कार्यालय पहिल्यांदा पत्ता बघते.

सदस्य निवडताना दोन गोष्टी पाहा. तो आरोग्य समितीवर आहे का? त्याने मागच्या वर्षी याच विषयावर ठराव मांडला आहे का? विधिमंडळाच्या माहिती-संकेतस्थळावर शब्द टाकून जुने ठराव शोधता येतात. दुसऱ्या कुणी दरवर्षी हाच ठराव मांडत असेल तर नवा मागू नका. त्या कार्यालयाशी संपर्क साधून आपले एखादे कलम त्यात घ्यायला सांगा आणि आपल्या आमदाराला सहप्रस्तावक व्हायला सांगा. श्रम निम्म्याहून कमी होतात.

३. वेळापत्रक मे महिन्यापासून मागे मोजा

बिले मांडण्याची मुदत फेब्रुवारीत संपते. ठरावांना ती मुदत लागू नाही, म्हणून मंडळे निवांत राहतात आणि एप्रिलच्या अखेरीस धावपळ करतात. तोवर उशीर झालेला असतो. इस्टरच्या सुमारास विधिमंडळाला सुट्टी असते. मेच्या उत्तरार्धात खर्चाच्या समित्यांची मोठी बैठक येते आणि त्यानंतर बिले आपल्या सभागृहातून बाहेर काढण्याची शेवटची मुदत. त्या दिवसांत सभागृहात गौरवाच्या ठरावांना जागा मिळणे कठीण. मे महिन्याचा ठराव जूनमध्ये मंजूर झाला असे नेहमी घडते.

ऑक्टोबर: कार्यकारिणीत निर्णय, कागदाचा प्रकार पक्का. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवसाच्या कार्यक्रमाला आमदाराच्या जिल्हा कार्यालयातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या कार्यालयातल्या, माणसाला बोलवा. ओळख तिथून सुरू होते.

नोव्हेंबर-डिसेंबर: जिल्हा कार्यालयात पहिली भेट. त्या दिवसांत सदस्य मतदारसंघात असतात.

जानेवारी: मसुदा आणि माहितीपत्र कार्यालयाला.

फेब्रुवारी-मार्च: कार्यालय मसुदा लेजिस्लेटिव्ह काउन्सेलकडे पाठवते. तिथले वकील विधिमंडळाच्या भाषेत तो पक्का करतात. मग ठराव मांडला जातो, क्रमांक पडतो.

एप्रिल: रूल्स कमिटी, पाठिंब्याची पत्रे.

मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा: सभागृह.

जुलैही लक्षात ठेवा. अल्पसंख्याक समाजांतील मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय महिना म्हणून जुलै बेबी मूर कॅम्पबेल यांच्या नावाने पाळला जातो. काँग्रेसच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्जने त्याला २००८ मध्ये मान्यता दिली. स्थलांतरित कुटुंबांचा प्रश्न मांडायचा असेल तर जुलैचा विषय मेपेक्षा जवळचा आहे. मात्र विधिमंडळाची उन्हाळी सुट्टी जुलैतच येते, म्हणून ठराव जूनमध्येच मार्गी लावावा लागतो.

४. कागदपत्रे

एका ईमेलमध्ये, एकाच वेळी, पुढील गोष्टी द्या. तुकड्यातुकड्यांनी पाठवलेले कागद कार्यालयात हरवतात.

• विनंतीपत्र, एक पान, संस्थेच्या लेटरहेडवर. पहिल्याच परिच्छेदात कागदाचा प्रकार, विषय आणि हवी ती तारीख.
• ठरावाचा मसुदा, दीड ते दोन पाने, वर्ड फाइलमध्ये. पीडीएफ देऊ नका, त्यांना बदल करायचे असतात.
• प्रत्येक आकड्याचा उगम सांगणारे वेगळे पान.
• संस्थेची माहिती, १५० शब्द, आणि करमुक्त दर्जाचे पत्र.
• मतदारसंघातील सभासदांची संख्या. नावांची यादी नको.
• पाठिंब्याची तीन ते पाच पत्रे. स्थानिक शाळा, दवाखाना, दुसऱ्या भाषेचे मंडळ अशी वेगवेगळी.
• संपर्कासाठी एकच व्यक्ती. तीन पदाधिकाऱ्यांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली की काम थांबते.

ठरावाला क्रमांक पडल्यावर पाठिंब्याची पत्रे विधिमंडळाच्या पोर्टलवर खाते उघडून टाकायची असतात. प्रत्येक पत्रात क्रमांक आणि प्रस्तावकाचे नाव हवे. क्रमांक नसलेले पत्र कुठल्याच फायलीत जात नाही.

५. मसुदा

ठरावाचे दोन भाग असतात. आधी 'ज्याअर्थी'ची कलमे, म्हणजे कारणे. मग 'असा ठराव करण्यात येतो की'. पहिला भाग सहा ते दहा कलमांचा, दुसरा दोन-तीन कलमांचा. मसुदा इंग्रजीतच द्यायचा आहे, इथे आशय मराठीत देत आहोत.

– ज्याअर्थी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार अमेरिकेतील दर पाच प्रौढांपैकी एकाहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मानसिक आजारासह जगतात;
– ज्याअर्थी आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू होतात;
– ज्याअर्थी १६ जुलै २०२२ पासून देशभर ९८८ हा तीन अंकी क्रमांक संकटकालीन मदतीसाठी सुरू आहे;
– ज्याअर्थी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ मध्ये प्रॉपोझिशन ६३ मंजूर करून दहा लाख डॉलरवरील वैयक्तिक उत्पन्नावर एक टक्का कर लावला आणि तो मानसिक आरोग्यसेवांसाठी राखून ठेवला;
– ज्याअर्थी अनेक स्थलांतरित कुटुंबांत भाषा, लाज आणि माहितीचा अभाव यांमुळे उपचार उशिरा सुरू होतात;

आणि शेवटी: म्हणून कॅलिफोर्नियाची असेंब्ली असा ठराव करते की अमुक वर्षाचा मे महिना मानसिक आरोग्य जागृतीचा महिना म्हणून मानण्यात यावा, आणि असेंब्लीच्या चीफ क्लार्कने या ठरावाच्या प्रती योग्य त्या वाटपासाठी प्रस्तावकाकडे पाठवाव्यात.

मसुद्यात काय बिघडते ते सांगतो, कारण परत आलेले बहुतेक मसुदे याच कारणांनी परत येतात.

आकडे. व्हॉट्सॲपवर फिरणारा एकही आकडा नको. लेजिस्लेटिव्ह काउन्सेल भाषा तपासते, पण आकडा चुकला तर नाचक्की प्रस्तावकाची होते आणि पुढच्या वर्षी ते कार्यालय दार उघडत नाही. 'मराठी लोकांमध्ये इतके टक्के' असा आकडा तर लिहूच नका. आशियाई भारतीयांची माहिती मिळते, मराठी भाषकांच्या मानसिक आरोग्याची वेगळी मोजणी नसते.

भाषा. 'मनोरुग्ण', 'वेडसर', 'पीडित' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाळा. 'मानसिक आजारासह जगणारी व्यक्ती' असे लिहा. आत्महत्येचा उल्लेख करताना इंग्रजीत गुन्ह्याला लावतात ते क्रियापद वापरू नका, 'आत्महत्येने मृत्यू झाला' अशी रचना वापरा. पद्धतीचा, जागेचा, चिठ्ठीचा उल्लेख अजिबात नको. समाजातल्या एखाद्या दिवंगत मुलाचे नाव ठरावात घालावे असे कुणाला मनापासून वाटले, तरी घालू नका. ठराव कायमचा सार्वजनिक असतो. त्या मुलाच्या लहान भावंडाला पंधरा वर्षांनी तो शोधयंत्रात सापडेल.

खर्च. 'राज्याने इतका निधी द्यावा', 'अमुक विभागाने कार्यक्रम सुरू करावा' असे एक जरी वाक्य आले तरी ठराव गौरवाचा राहत नाही, तो वादाचा होतो. निधीची मागणी वेगळ्या पत्रात करा.

सगळे सण एकत्र. शिवजयंती, महाराष्ट्र दिन आणि मानसिक आरोग्य एकाच ठरावात बसवू नका. महाराष्ट्र दिन १ मे रोजी येतो म्हणून हा मोह होतो. दोन्ही विषय फिके पडतात.

६. करमुक्त दर्जा, व्हिसा आणि देणगी

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर.

बहुतेक मराठी मंडळे ५०१(सी)(३) प्रकारची करमुक्त संस्था असतात. आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या, व्याख्येत राज्य विधिमंडळाचा ठराव हाही 'कायदेनिर्मिती'त मोडतो. म्हणजे मतदानाला जाणारा ठराव मंजूर करा, अशी आमदाराला विनंती करणे हे लॉबिंग आहे. घाबरायचे कारण नाही, अशा संस्थांना मर्यादित लॉबिंग करता येते. कायदा फक्त म्हणतो की ते कामाचा 'मोठा भाग' असू नये. ही मर्यादा धूसर वाटत असेल तर फॉर्म ५७६८ भरा. तो एकदाच भरायचा आणि त्या करवर्षाच्या सुरुवातीपासून लागू होतो. मग मर्यादा खर्चावर मोजली जाते: उद्दिष्टांवरच्या पहिल्या पाच लाख डॉलर वार्षिक खर्चाच्या २० टक्के. वर्षाला ६० हजार डॉलर खर्च करणाऱ्या मंडळाला १२ हजार डॉलरपर्यंत मोकळीक आहे. स्वयंसेवकांचा बिनपगारी वेळ त्यात धरला जात नाही. एका ठरावाचा खर्च म्हणजे छपाई आणि प्रवास, तो सहज बसतो. वार्षिक विवरणपत्रात तो दाखवायला मात्र विसरू नका.

कॅलिफोर्नियात लॉबिस्ट म्हणून नोंदणी लागते ती मोबदला घेणाऱ्यांना. बिनपगारी पदाधिकाऱ्यांना लागत नाही.

एचवनबी, एफवन किंवा एचफोर व्हिसावरची माणसे आमदाराला भेटू शकतात, पत्र लिहू शकतात, समितीसमोर बोलू शकतात. मतदार नसलात तरी तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी आहात. कार्यालयात व्हिसा विचारला जात नाही, सांगण्याचीही गरज नाही. मात्र निवडणूक निधीला देणगी देणे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक सोडून कुणालाही केंद्रीय कायद्याने मना आहे, आणि ही बंदी राज्याच्या व स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. आभार म्हणून आमदाराच्या निधीसंकलनाचे तिकीट घेणे हाही त्याच बंदीत येतो. मंडळाच्या खात्यातून तर असा एक डॉलरही जाऊ नये. संस्थेचा करमुक्त दर्जा जाऊ शकतो.

शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण किंमत ५० डॉलरच्या खाली ठेवा. एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात ५० डॉलर किंवा त्याहून अधिक मूल्याची भेट मिळाली तर सदस्याला ती फॉर्म ७०० वर जाहीर करावी लागते. चांदीची मूर्ती, पैठणी असे काही नको.

७. सभागृहाचा दिवस

अधिवेशनाच्या बैठका बहुधा सोमवारी आणि गुरुवारी होतात. तुमचा ठराव कोणत्या दिवशी येणार हे कार्यालय फार तर दोन-तीन दिवस आधी सांगू शकते, आणि तेही बदलते. म्हणून दहापेक्षा जास्त माणसे नेऊ नका. बसभर लोक आले आणि ठराव पुढच्या आठवड्यात गेला की मंडळात नाराजी पसरते.

सदस्यांची कार्यालये नवी इमारत पूर्ण होईपर्यंत १०२१ ओ स्ट्रीटवर आहेत, सभागृहे मात्र जुन्या कॅपिटॉलमध्ये. दोन्ही ठिकाणी सुरक्षा तपासणी असते. बैठकीच्या ४५ मिनिटे आधी पोहोचा. गॅलरीत टाळ्या, घोषणा, फलक चालत नाहीत. ढोल-लेझीम बाहेरच्या हिरवळीवर करायची असेल तर आधी परवाना काढावा लागतो. फोटो नंतर, आमदाराच्या कार्यालयाच्या सांगण्याप्रमाणे.

प्रस्तावक दोन-तीन मिनिटे बोलतो. त्याच्यासाठी २५० शब्दांचे टिपण कार्यालयाला आदल्या आठवड्यात द्या. त्यात संस्थेच्या नावाचा उच्चार सुटा करून लिहा. दुसरे सदस्यही बोलू शकतात, आणि शेवटी अनेक जण सहप्रस्तावक म्हणून नावे जोडतात. मानसिक आरोग्याची फीत हिरवी असते, कॅलिफोर्नियात पोपटी छटा रूढ आहे. तीच आणा.

सोबत येणाऱ्यांपैकी कोणी स्वतः आजारातून गेलेले असेल तर त्यांचे नाव, फोटो, अनुभव काय आणि किती सांगायचे हे त्यांनीच ठरवायचे. आधी लेखी विचारा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा. नकार आला तर कारण विचारू नका. एखादा समुपदेशक गटात असावा. सभागृहातली भाषणे ऐकताना कुणाचे जुने दुःख वर येऊ शकते.

८. दुसऱ्या राज्यांत

न्यू जर्सीत प्रत्येक मतदारसंघाला एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे तीन दारे आहेत. तिथल्या संयुक्त ठरावावर गव्हर्नरची सही लागते, म्हणून वेळ जास्त धरा. टेक्सासचे नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षांत, जानेवारीपासून १४० दिवस असते. सम वर्षी तिथे ठराव मागण्यात अर्थ नाही, गव्हर्नरच्या किंवा शहराच्या घोषणेकडे वळा.

९. ठराव हातात आल्यावर

प्रत मिळाली की आधी शब्दलेखन वाचा: संस्थेचे नाव, वर्ष, महिना. दोन्ही सभागृहांचा ठराव असेल तर दुसऱ्या सभागृहात जाण्याआधीच चूक कळवा. चॅप्टर क्रमांक पडल्यावर दुरुस्ती होत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात ठराव वाचून दाखवाल, त्याच दिवशी प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक मराठी पान पडले पाहिजे. त्यावर एवढेच: ९८८ ला फोन, दुभाषी मागता येतो, सुरुवातीला इंग्रजीत 'मराठी' एवढे सांगायचे. तुमच्या काउंटीचा मानसिक आरोग्याचा क्रमांक. काउंटीच्या सेवेत दुभाषी मोफत मिळण्याचा हक्क आहे आणि घरातल्या मुलाला दुभाषी करू नये. छापील माहिती काउंटी फक्त ठरावीक भाषांत देते, मराठी त्यात सहसा नसते, म्हणून तोंडी दुभाषी आग्रहाने मागायचा. आणि महाराष्ट्रात असलेल्या आईवडिलांसाठी, भावंडांसाठी टेली-मानस: १४४१६. भारत सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येते.

आमदाराला आणि मसुद्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला वेगवेगळी आभारपत्रे पाठवा. कर्मचारी बदलतात, म्हणून मसुदा, क्रमांक, तारखा आणि संपर्क मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. ठराव त्या वर्षापुरताच असतो. पुढच्या मेसाठी नवीन विनंतीपत्र पुन्हा ऑक्टोबरमध्ये लिहायला घ्यायचे, आणि तेव्हा जुन्या मसुद्यातला प्रत्येक आकडा नव्याने तपासून घ्यायचा.